गाळणीपूर्वीचे रसायन

शाळेच्या प्रयोगवहीत गाळण हा सर्वांत सोपा प्रयोग. नरसाळे, घडी घातलेला गाळणकागद आणि वाळू मिसळलेले पाणी एवढ्या सामग्रीवर तो उरकतो. वाळू वर राहते, पाणी खाली उतरते, आणि विद्यार्थ्याच्या मनात एक समजूत कायमची घर करते: कागदाला बारीक भोके असतात, भोकाहून मोठे ते अडते, लहान ते निसटते. वाळूपुरती ही समजूत खरी आहे. पण पिंपरीच्या औषध कारखान्यात, भोसरीतल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये किंवा चाकणच्या एखाद्या पेंट शॉपमागच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, कोणाला वाळू गाळायची नसते. तिथे समोर येतात ते बुरशीचे धागे, तेलकट लोखंडी भुकटी, जेलीसारखे लिबलिबीत हायड्रॉक्साइड आणि मायक्रॉनच्या मापात मोजायचे स्फटिक. चाळणीची कल्पना घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला दोनच उपाय सुचतात, अधिक बारीक कापड किंवा अधिक दाबाचा पंप. दोन्ही बहुधा फसतात. द्रवातून घन वेगळा करण्याच्या या विषयाची ओळख करून देताना मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. गाळण साधणार की फसणार याचा निकाल बहुतेक वेळा गाळणीपाशी येण्याआधीच लागलेला असतो. घन कसा घडला, किती आम्लतेला, किती घाईने, कोणत्या संगतीत घडला, यावर तो लागतो. गाळणी तो निकाल फक्त वाचून दाखवते.

पहिला पुरावा पिंपरी-चिंचवडकर रोज पितात. रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचललेले पवनेचे पाणी निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. अशा केंद्रांत वापरतात ती वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरची. गोल दाणे एकमेकांना लागून रचले, तर त्यांच्यामधली फट दाण्याच्या व्यासाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी राहते, म्हणजे सुमारे सत्तर मायक्रॉन. पावसाळ्यात नदीला गढूळ करणारा मातीचा कण एक-दोन मायक्रॉनचा, जीवाणू त्याच मापाचा. चाळणीचा हिशेब लावला तर वाळूच्या थरातून हे सगळे सरळ आरपार जायला हवे. आणि नुसते गढूळ पाणी सोडले तर त्यातले बरेच जातेही. ते अडते, कारण आधी तुरटी पडलेली असते. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. ॲल्युमिनियमचे धन आयन तो भार मोडतात, कण एकत्र येतात, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या भुसभुशीत गुठळ्यांत अडकतात. बहुतेक गुठळ्या टाकीतच तळाला बसतात. उरलेल्या वाळूच्या दाण्यांना जाऊन चिकटतात, फटीत मावत असूनही. नदीचा रंग बदलला की तुरटीचे प्रमाण बदलावे लागते, आणि ते बीकरांच्या रांगेत वेगवेगळे डोस टाकून, ढवळून, निवळताना पाहून ठरवतात. वाळू वर्षभर तीच असते. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्यासाठी कतक, म्हणजे आपली निवळीची बी, सांगितली आहे. बी उगाळून पाण्यात फिरवायची आणि मग पाणी स्थिर ठेवायचे, या कृतीत रसायन आधी येते, कापड नंतर.

तुरटीशिवायही वाळू गाळते, असा आक्षेप इथे घेता येईल, आणि तो खराही आहे. १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात जेम्स सिम्प्सनने बसवलेली संथ वाळू-गाळणी तुरटीविना चालत होती. १८९२ च्या कॉलऱ्यात तर अशा गाळणीने जगापुढे ठळक पुरावा ठेवला. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते, तिथे आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक घाण पाणी उचलत होते, पण वाळूतून गाळून. ते बऱ्याच अंशी वाचले. मात्र आल्टोनाच्या वाळूत काम करत होता तो वरचा चिकट जैविक थर. तो जमायला दिवस लागतात, आणि तो खरवडून काढला की नव्याने जमेपर्यंत गाळणीवर विसंबता येत नाही. तेव्हा आक्षेपातूनही हाती तेच येते. वाळू हा आधार असतो, गाळणारा थर त्यावर घडावा लागतो. तो तुरटीने काही मिनिटांत घडवा किंवा जीवाणूंकडून काही दिवसांत.

प्रयोगशाळेतला पुरावा अधिक काटेकोर आहे, कारण तिथे कागद तोच ठेवून घन बदलता येतो. बेरियम सल्फेट थंड, दाट द्रावणांतून झटकन पाडले तर इतके बारीक पडते की चांगल्या कागदातूनही खाली दुधाळ पाणी उतरते. तेच गरम, पातळ द्रावणात, थेंब थेंब सल्फेट घालत, ढवळत पाडले आणि नंतर तास-दोन तास गरम ठेवले, तर लहान कण विरघळून मोठ्यांवर बसतात आणि तोच कागद ते सहज अडवतो. मागचे तत्त्व सोपे आहे. द्रावण जितके अतिसंपृक्त, तितकी एकाच वेळी जन्मणाऱ्या स्फटिकबीजांची संख्या अधिक आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे द्रव्य कमी. घाई केली की कण बारीक होतात, एवढे सूत्र जवळ ठेवले तरी अर्धी कटकट वाचते. त्याहून बोलके उदाहरण सिल्व्हर क्लोराइडचे. ते दह्यासारखे गोळा होऊन पडते, कागदावर छान राहते. मग विद्यार्थी ते स्वच्छ व्हावे म्हणून शुद्ध पाण्याने धुतो, आणि आतापर्यंत नितळ येणारा गाळलेला द्रव अचानक धुरकट होतो. कागद फाटलेला नसतो. कणांना एकत्र धरून ठेवणारे आयन धुऊन गेलेले असतात, आणि गोळा पुन्हा सुट्या कणांत फुटून भोकांतून निघालेला असतो. म्हणून सिल्व्हर क्लोराइड विरल नायट्रिक आम्लाने धुतात आणि ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड अमोनियम नायट्रेटच्या द्रावणाने. भोके तीच, घन तोच, फक्त धुण्याचे पाणी बदलले आणि निकाल उलटला. चाळणीच्या कल्पनेला या प्रयोगाचे उत्तर देता येत नाही. तरीही बी.एस्सी.च्या वर्गात हे धुणे कृतीतली एक पायरी म्हणून पाठ होते, का ते क्वचितच विचारले जाते.

आता पिंपरी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. एमआयडीसीचा जन्म १९६२ चा, पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ ची. म्हणजे या पट्ट्याची ओळख मोटारींची होण्याआधी इथे बुरशी गाळली जात होती, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नसते. पेनिसिलिनची कहाणी सांगताना सगळे फ्लेमिंगच्या तबकडीपाशी थांबतात. कारखान्यात खरी परीक्षा किण्वन संपल्यावर सुरू होते. टाकीत हजारो लिटर दाट रस्सा असतो, त्यात औषध विरघळलेले आणि बुरशीचे धागे तरंगत असलेले. हा रस्सा फिरत्या निर्वात ड्रमवर गाळतात. कापड ताणलेला मोठा ड्रम कुंडात अर्धवट बुडून सावकाश फिरतो, आतली निर्वात पोकळी द्रव ओढून घेते, बाहेर चोथ्याचा पत्रा जमतो, वर येताना त्यावर पाण्याचे फवारे बसतात आणि शेवटी तो पत्रा उचटून निघतो. पेनिसिलियमचे धागे तुलनेने जाड असल्याने त्यांची नमद्यासारखी सच्छिद्र चटई बनते आणि काम वेगाने उरकते. पण किण्वन थोडे लांबले, बुरशी म्हातारी होऊन तिचे धागे तुटू लागले, की आतली प्रथिने रश्श्यात उतरतात, चटई चिकट होते, ड्रम मंदावतो. नुकसान तिथेच संपत नाही. पुढच्या टप्प्यात गाळलेला द्रव थंड करून आम्ल करतात आणि पेनिसिलिन ब्युटाइल किंवा अमाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात ओढून घेतात. आम्ल माध्यमात पेनिसिलिन झपाट्याने नासते, म्हणून हे काम फार थोड्या वेळात व्हावे लागते. प्रथिने उतरली असतील तर पाणी आणि द्रावक यांचा फेसाळ लगदा होतो, दोन थर वेगळे होत नाहीत, आणि वेळ हातातून जातो. दोष दिसतो द्रावकाच्या यंत्रात, गाळणीत तो दुरुस्त होत नाही, आणि त्याचे मूळ असते किण्वनाची टाकी केव्हा रिकामी करायची या निर्णयात.

पिंपरीतच पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनू लागले, आणि तुलना आपोआप तयार झाली. स्ट्रेप्टोमायसीस हा धागेदार जीवाणू आहे. त्याचे धागे एक मायक्रॉनच्या आसपास, पेनिसिलियमच्या कित्येक पट बारीक. चटई बनण्याऐवजी ते कापडावर शेवाळासारखे लिंपले जातात. अशा रश्श्यासाठी आधी डायॲटमी मातीचा किंवा पर्लाइटचा थर ड्रमवर चढवतात, तीच माती रश्श्यातही मिसळतात, आणि गाळण्याआधी आम्ल घालून वा गरम करून प्रथिने गोठवून घेतात. डायॲटमी माती म्हणजे सूक्ष्म शैवालांचे सिलिकाचे सांगाडे. ते कणखर असतात, दबत नाहीत आणि चिकट धाग्यांना एकमेकांपासून दूर धरतात. ड्रमचे यंत्र तत्त्वतः तेच असले तरी दोन जीवांना ते दोन तऱ्हेने वागवते. इथे हॅमायसिनचा उल्लेख टाळणे मला जमणार नाही. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधलेले हे बुरशीरोधक ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. हॅमायसिनसारखी पॉलीन द्रव्ये पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, त्यामुळे त्यांचा मोठा हिस्सा धाग्यांनाच धरून राहतो. पेनिसिलिनला लागू असलेल्या सवयीने चोथा फेकला, तर इथे औषधच फेकले जाते. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे गाळणी सांगू शकत नाही. रेणू कुठे बसला आहे ते माहीत असावे लागते.

दाबाचा प्रश्न वेगळा घ्यायला हवा, कारण कारखान्यातला सर्वांत जुना आक्षेप तिथून येतो: एवढे रसायन कशाला, मोठा पंप लावा. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आंरी दार्सी याने वाळूच्या उभ्या नळ्यांतून पाणी सोडून जो नियम मांडला, त्यावरून वाटते की आक्षेप बरोबर आहे. प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो. पण गाळताना थर स्थिर राहत नाही, वाढत जातो. त्यामुळे दाब तोच ठेवला तर लागणारा वेळ गाळलेल्या आकारमानाच्या वर्गाने वाढतो. कापडाचा स्वतःचा विरोध सोडून दिला, तर पहिले १०० लिटर १० मिनिटांत उतरत असतील, तेव्हा २०० लिटर पुरे व्हायला एकूण ४० मिनिटे लागतात. पाळीच्या शेवटी फिल्टर प्रेस रडतखडत का चालतो, याचे कारण एवढेच, पंपाचा त्यात दोष नाही. कणाच्या आकाराचा परिणाम याहून मोठा. कण दहापट बारीक झाले, तर थराचा विरोध सुमारे शंभरपट होतो. कोणता पंप शंभरपट दाब देणार? आणि दिलाच, तर मऊ चोथ्यावर तो उलटतो. चक्का टांगणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. दही फडक्यात बांधून टांगले तर पाणी आपोआप निथळते, घाईने पिळले तर फडक्याजवळचा थर घट्ट बसून पाण्याची वाट बंद होते आणि दहीच कापडातून बाहेर येऊ लागते. धातूंची हायड्रॉक्साइडे, जैविक गाळ, प्रथिने असलेला चोथा हे सगळे असेच दबणारे घन. त्यांच्या बाबतीत दाब दुप्पट केला की विरोधही जवळपास दुप्पट होतो आणि प्रवाह जिथल्या तिथे राहतो. फिल्टर प्रेस सुरुवातीला कमी दाबावर भरून मग हळूहळू चढवायचा, ही जुन्या ऑपरेटरांची रीत यामुळेच शास्त्रशुद्ध आहे.

भोसरी ते चाकण या पट्ट्यात गाळणीचे सर्वाधिक काम आज सांडपाण्यावर होते, आणि आधीच्या रसायनाकडे दुर्लक्ष केल्याची किंमतही तिथेच सर्वांत जास्त मोजावी लागते. सहा संयुजेचे क्रोमियम घ्या. क्रोमेट म्हणून ते कुठल्याही सामूला, म्हणजे पीएचला, विरघळलेलेच राहते. जगातला कोणताही कागद त्याला अडवणार नाही. आधी आम्ल घालून पीएच दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियम तीन संयुजेवर उतरवायचे, मग चुना किंवा कॉस्टिकने पीएच आठ-नऊपर्यंत चढवायचा. तेव्हा कुठे हिरवट हायड्रॉक्साइड पडते आणि गाळण्याजोगे काही हाती लागते. चढवताना हात सुटला आणि पीएच फार वर गेला, तर तेच हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते. जस्ताचेही असेच आहे. उलट निकेल नीट पाडायला पीएच दहाच्या पुढे न्यावा लागतो. तिन्ही धातूंचे पाणी एका टाकीत सोडले, तर कोणताही एक पीएच तिघांना सोयीचा नसतो. त्यात प्लेटिंगच्या बाथमधून अमोनिया किंवा ईडीटीए आले, तर निकेल त्यांच्या पकडीत विरघळलेलेच राहते आणि प्रेसमधून नितळ, स्वच्छ दिसणारे, निकेलयुक्त पाणी बाहेर पडते. पाणी नितळ आहे म्हणून समाधान मानणाऱ्या माणसाला गाळणीइतके फसवणारे दुसरे यंत्र नाही. पॉलीचा डोस हा याच घराण्यातला प्रश्न. थोडे पॉलिइलेक्ट्रोलाइट कणांना बांधते, जास्त झाले की त्यांना पुन्हा सुटे करते आणि कापडाची भोके चिकटवून टाकते. प्रेस चोक झाला म्हणून डोस वाढवणे, ही त्यामुळे अनेकदा रोग वाढवणारी मात्रा ठरते.

मशीन शॉपमध्ये हेच तत्त्व उघड्या डोळ्यांनी दिसते. ग्राइंडिंगच्या कूलंटमधली भुकटी गाळायला कागदाची रुंद पट्टी रुळावरून सरकत असते. नवा कोरा कागद बारीक भुकटी बरीच सोडून देतो. त्यावर भुकटीचा पातळ थर जमला की तो थर पुढच्या भुकटीला अडवू लागतो. द्रवाची पातळी ठरावीक उंचीवर चढली की मगच कागद पुढे सरकावा, अशी यंत्राची रचना असते ती यासाठी. कागद पटापट सरकवला की कागद अधिक खर्च होतो आणि कूलंट मात्र अधिक घाण राहतो.

मोटारींच्या रंगकामातले उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आणि मला अधिक आवडणारे. गाडीचा सांगाडा रंगवण्याआधी झिंक फॉस्फेटच्या बाथमधून जातो. बाथमधले आम्ल पत्र्यातले थोडे लोखंड विरघळवते, नायट्राइटसारखा वेगवर्धक त्याचे फेरिक करतो आणि फेरिक फॉस्फेटचा पांढुरका गाळ पडत राहतो. हा गाळ काढला नाही तर तो पत्र्यावर बसतो आणि रंगाखाली पुटकुळ्या दिसतात, म्हणून बाथ सतत गाळावा लागतो. पण गाळ किती पडेल हे मुक्त आम्लता, तापमान आणि वेगवर्धकाच्या प्रमाणावर ठरते. फिल्टर मोठा घेणे आणि बाथची टायट्रेशने पाळीत वेळेवर करणे, या दोन खर्चांपैकी दुसरा कितीतरी स्वस्त असतो. तरी खरेदी बहुधा पहिल्याची होते, कारण फिल्टर दाखवता येतो.

रंगकामाच्या पुढच्याच टप्प्यावर माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. तो म्हणजे पटल, मेम्ब्रेन. ०.२२ मायक्रॉनच्या पटलाने औषधाचे द्रावण निर्जंतुक होते, आणि ईडी, म्हणजे विजेच्या साहाय्याने बसवल्या जाणाऱ्या, रंगाच्या टाकीला जोडलेले अल्ट्राफिल्टर रेणूंच्या पातळीवर छाटणी करते. रंगाचे रेझिन आणि रंगद्रव्य मागे राहते, पाणी, थोडे द्रावक आणि लहान रेणू पलीकडे जातात, त्याच पाण्याने सांगाडा धुतला जातो आणि धुतलेला रंग टाकीत परततो. इथे तर भोकाच्या मापानेच सगळे ठरते ना? भोकाचे माप काय आरपार जाऊ शकते ते ठरवते, हे मी मान्य करतो. निर्जंतुक गाळणीची सगळी हमी त्या मापावर उभी आहे. पण किती जाईल आणि किती दिवस जाईल, ते माप ठरवत नाही. म्हणूनच अल्ट्राफिल्टरमध्ये रंग पटलावर आदळत नाही, पटलाला समांतर वेगाने वाहवला जातो, जेणेकरून थर जमू नये. बाथचा पीएच सरकला, आधीच्या टप्प्यातून तेल किंवा लोखंड आले, टाकीत जीवाणू वाढले, की तेच पटल तोच दाब असून निम्मेही पाणी देत नाही. ०.२२ च्या काडतुसापुढे औषध कारखान्यात एक-दोन जाड गाळण्या लावाव्या लागतात, तेही यामुळेच. पटलाने रसायनाची गरज संपवली नाही. चूक किती लवकर उघडी पडते एवढाच फरक त्याने केला, आणि ती चूक महाग केली.

सेंट्रिफ्यूज किंवा निवळण टाकी वापरून गाळणीच टाळता येते, या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. कण बारीक पाडले असतील तर सेंट्रिफ्यूजलाही ते तितकेच जड जातात. यंत्र बदलले तरी आधीची घाई पाठ सोडत नाही.

याउलट एक मर्यादा मोकळेपणाने सांगायला हवी. गाळण फक्त घनाला लागू आहे. आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसला की चर्चा ‘फिल्टर बसवा’ इथे येऊन थांबते. पण फेस करणारी साबणद्रव्ये पाण्यात विरघळलेली असतात. ती घरगुती मैलापाण्यातूनही येतात आणि कारखान्यांतूनही. त्यांना अडवायला जैविक प्रक्रिया लागते, किंवा कार्बनवर शोषण. विरघळलेला फॉस्फेट लोह किंवा ॲल्युमिनियमच्या क्षाराने पाडून घनात आणता येतो आणि मग गाळता येतो. मीठ मात्र तसे पाडता येत नाही. सांडपाण्याच्या कोणत्याही योजनेला विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे यंत्राच्या क्षमतेचा नाही. यातले काय घन आहे, काय घन करता येईल आणि काय घन होणारच नाही, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर पाण्याच्या पृथक्करण अहवालात असते, यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

एक आक्षेप मात्र मला शेवटपर्यंत गंभीर वाटतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला पीएच, अतिसंपृक्तता, विद्युतभार हे सगळे सांगून काय उपयोग? त्याच्या हाती दोन झडपा आणि एक डोसिंग पंप असतो, आणि लहान उद्योगाला रसायनशास्त्रज्ञ ठेवणे परवडत नाही. अडचण खरी आहे. पण ऑपरेटरला सिद्धान्त नको असतात, कोणत्या क्रमाने काय पाहायचे ते हवे असते, आणि तो क्रम सिद्धान्तातूनच येतो. गाळलेले पाणी सुरुवातीला गढूळ असेल तर ते टाकीत परत फिरवायचे, कापड बदलायला धावायचे नाही, कारण थर अजून बसायचा आहे. सुरुवातीपासूनच प्रवाह मंद असेल तर आधी पीएच पाहायचा. मध्येच मंदावला तर पॉलीचा डोस. चोथा धुताना एकदाच भरपूर पाणी ओतण्याऐवजी थोडे थोडे तीनदा घालायचे. चोथ्यात जितका द्रव अडकला आहे त्याच्या तिप्पट पाणी एकदम मिसळून निथळले, तर विरघळलेल्या अशुद्धीचा चौथा हिस्सा मागे राहतो. तेच पाणी तीन वेळा विभागून घातले तर आठवा. पाणी तेवढेच, मजुरी किंचित जास्त, उत्पादन दुप्पट शुद्ध.

आणि चोथ्यातल्या पाण्याचा हिशेब तर मालकालाही लगेच समजतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३ या नोंदीखाली येतो. तो कुठेही टाकता येत नाही, रांजणगावसारख्या सामायिक प्रकल्पाकडे पाठवावा लागतो, आणि वाहतूक व विल्हेवाट दोन्हींचे पैसे वजनावर जातात. कोरडा घन १०० किलो धरला, तर ७५ टक्के ओलाव्याचा चोथा ४०० किलो भरतो आणि ६० टक्के ओलाव्याचा २५०. ओलावा पंधरा टक्क्यांनी उतरला की वजन दीडशे किलोंनी घटते. हा फरक चुन्याचे दूध किती सावकाश सोडले, गुठळी किती घट्ट बनू दिली, प्रेस कोणत्या दाबाने भरायला घेतला यावर पडतो. पुढच्या पानांतली पहिली प्रकरणे म्हणून स्फटिक, अवक्षेप आणि गुठळ्या यांच्यावर आहेत. कापड, प्लेटा आणि पंप त्यानंतर येतात.